निवटीची फाईल कोणी बदलली?

१

दक्षता नाखवाने फाईल खोटी केली, हे सोमवारी भर सभेत जवळजवळ ठरून गेलं. गंमत अशी, की ठरवणाऱ्यांपैकी एकानेही ती फाईल उघडून वाचली नव्हती.

कल्याणला दुर्गाडीच्या पुलापासून थोडं पुढे गेलं, की खाडीजीव संशोधन केंद्राची बसकी इमारत लागते. ठाण्यापासून वर कल्याणपर्यंतच्या खाडीत जे पोहतं, सरपटतं, चिखलात बिळं करतं, त्या सगळ्याचा तिथे अभ्यास चालतो. दक्षता तिथे पीएचडी करत होती आणि तिचा जीव निवटीत अडकला होता. निवटी म्हणजे ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा, डोळे वटारलेला मासा. तो खाणारे ठाण्यातल्या तिच्या चेंदणी कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या होते. त्याचा डीएनए वाचणारी दक्षताच पहिली, आणि सगळा कोळीवाडा हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

जगभरातले शास्त्रज्ञ प्राण्यांचा डीएनए वाचतात आणि ती अक्षरं एका मोठ्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये ठेवतात. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. आपल्या प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक लिहिला, की फाईल बसल्या जागी हजर होते. ठाणे खाडीतली निवटी म्हणून तिथे एक जुनी नोंद होती, आणि जगात कुणालाही निवटी ओळखायची झाली तर तीच प्रमाण धरली जाई. दक्षताने आपल्या निवटीचा डीएनए त्या नोंदीशी ताडला, तर जुळेना. पुन्हा ताडला, तरी जुळेना. मग तिने प्रबंधात बेधडक लिहून टाकलं, की डेटाबेसमधली निवटी ही निवटीच नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच कुठल्या तरी चिखलमाशाची ती नोंद आहे.

सोमवारी समितीसमोर तिने प्रोग्रॅम चालवला. प्रोग्रॅमने डेटाबेसमधून फाईल आणली, तिच्या नमुन्याशी ताडली, आणि पडद्यावर उत्तर आलं: शंभर टक्के जुळते.

समितीच्या अध्यक्षा डॉ. लक्ष्मी बेडेकर. माशाचा पर पाहून जात सांगणारी बाई, पण संगणकाच्या वाटेला न जाणारी. त्यांनी प्रबंधासोबत जोडलेली प्रत मागवली. ती डेटाबेसमधून आत्ताच आलेल्या फाईलशी जुळत नव्हती.

"मग तुमच्याकडची ही फाईल आली कुठून?" त्यांनी विचारलं.

दक्षताने प्रत पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. खरी फाईल तिने हाताने बदलून शोधाचं सोंग आणलं, असा अर्थ निघाला. अंतिम निर्णय शुक्रवारी होणार होता. तो विरुद्ध गेला तर तिचं नाव केंद्रातून जाणार, आणि लबाडीचा तो शेरा ती जिथे जाईल तिथे तिच्या आधी पोचणार होता.

२

"मॅडम कोड बिघडलाय. प्लीज हेल्प. अर्जंट." सोबत पडद्याचा तिरका फोटो, आणि त्यात अक्षरांपेक्षा ट्यूबलाईटच जास्त.

सोमवारी रात्री अक्षदा गोठणकरने दक्षताचा हा मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला.

तिने बरीच वर्षं एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं काम केलं होतं. आता ठाकुर्लीला पिठाच्या गिरणीच्या वर तिचा क्लास होता, आणि प्रोग्रॅमिंगचे प्रश्न मराठीतून विचारण्यासाठी तिने एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. ग्रुपचा नियम एकच. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढं सांग. यातलं एक जरी राहिलं तर बाई उत्तर देणार नाहीत, मग विचारणारा कितीही मोठा लागून जावो. लोक तिला खडूस म्हणत. नीट विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडून आजवर उत्तर मिळालं नाही असं झालेलं नाही, याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

मंगळवारी सकाळी क्लासचं दार उघडायला गेली, तर जिन्यात दोघी उभ्या. एक रडून डोळे सुजलेली मुलगी, आणि तिच्या शेजारी अंबाड्यात अबोलीची वेणी माळलेली, कमरेवर हात ठेवलेली तिची आई.

"बाय, माजे पोरीनं लबाडी केली नाय," जनाबाई नाखवा उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तू एवढा सांग त्या लोकांना."

"मी सांगून कोण ऐकणार, मावशी? आधी बसा तर खरं."

दक्षताने सोमवारची सगळी कहाणी सांगितली. हुंदके मध्ये मध्ये येत होते. शेवटी म्हणाली, "कोणीतरी माझी फाईल बदललीय, ताई. कोणी बदलली ते शोधून द्या."

"हा प्रश्न मी घेणार नाही."

जनाबाईंच्या भुवया वर गेल्या. "का गो?"

"मावशी, मी पण मालवणकडची, मासळीवर वाढलेली. बाजारात येऊन कुणी विचारलं, मासळी ताजी आहे का, तर तुम्ही काय सांगता?"

"ताजी हाय, दुसरा काय सांगनार?" जनाबाई हसल्या. "शिळी हाय असा कोन म्हनतो?"

"तेच. प्रश्नच असा, की उत्तर आधीच ठरलेलं. 'माझी फाईल कोणी बदलली' या प्रश्नात तुझी फाईल बदलली हे तू मान्यच करून बसलीस, दक्षता. समितीचं अर्धं काम तूच करून दिलंस. नीट सांग. काय केलंस?"

"प्रोग्रॅमने नोंद मागवली. क्रमांक देऊन."

"काय व्हायला हवं होतं?"

"प्रबंधाच्या वेळी आलेली तीच फाईल यायला हवी होती."

"आणि काय झालं?"

"वेगळी आली."

"पुन्हा म्हण. पूर्ण वाक्य."

"त्याच क्रमांकाला वेगळी फाईल आली." दक्षता थांबली. तिने डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिचा हात गालावरच राहिला. "ताई, म्हणजे माझ्याकडची तशीच असेल. बदललं असेल ते तिकडचं."

"असेल. किंवा नसेल," अक्षदा म्हणाली. "पण आता हा प्रश्न मी घेते. चल, तुझं केंद्र दाखव मला."

३

तांत्रिक मदतनीस आणायची परवानगी डॉ. बेडेकरांनी दिली होती, त्यामुळे दारात कुणी अडवलं नाही. त्या दुपारी अक्षदाने तिघांशी बोलणं केलं. दक्षता सोबत होती. तिला बजावलं होतं, की तू फक्त ऐक.

पहिला चिराग, केंद्राचे संगणक सांभाळणारा. त्याला घाम फुटला होता, कारण मागच्याच महिन्यात त्याने दक्षताचं मशीन उघडलं होतं.

"मी फक्त विंडोज परत टाकलेलं, मॅडम. आईशप्पथ. फाईल्स जशाच्या तशा ठेवलेल्या. आता तिच्याकडे खरी फाईल नव्हतीच, तर मी काय करू?"

त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर कागद चिकटवला होता: फाईलच्या नावात एकच टिंब.

"हे काय?"

"ते होय? आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर बाबा आदमच्या जमान्यातलं. नावात दोन टिंबं दिसली की फाईल गिळून टाकतं. म्हणून मीच सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकून दिलेली. डेटाबेसच्या क्रमांकात शेवटी टिंब असतं आणि पुढे आकडा असतो ना, तो उडवायचा. वरची माहितीची ओळ पण उडवायची. नुसती डीएनएची अक्षरं ठेवायची."

"टिंबापुढचा आकडा कशाचा असतो?"

चिरागने खांदे उडवले. "काय माहीत. त्याच्याशिवाय पण फाईल येते की. मग काय प्रॉब्लेम?"

सगळ्या केंद्राने ती ओळ डोळे मिटून घेतली होती. अक्षदाला एकदम आपल्या जुन्या कंपनीची आठवण झाली. तिथेही अशा ओळी असत, आणि त्या कुणी का टाकल्या हे विचारायची पद्धत नसे.

दुसरा जयेश भोईर. दक्षताच्या पुढच्या वर्षाचा, शिंपल्यांवर काम करणारा. गडी बोलघेवडा होता.

"वाईट झालं यार हिचं. मी तर बोललेलो पण हिला, एवढी घाई नको करू. ही जुनी फाईल घेऊन बसली. नवीन फाईलमध्ये बघा, सगळं कसं मस्त जुळतंय."

"केंद्राच्या नोंदी डेटाबेसवर कोण चढवतं?"

"मीच. म्हणजे सर सांगतात, मी चढवतो. खातं सरांच्या नावाचं आहे." एवढं बोलून जयेश अचानक शिंपले मोजायला लागला.

तिसरे डॉ. सहदेव आठल्ये, दक्षताचे मार्गदर्शक. पांढरा शर्ट, मृदू आवाज, आणि खुर्चीच्या मागे चौकटीत मढवलेलं एक सन्मानपत्र. ठाणे खाडीतल्या निवटीची पहिली डीएनए नोंद केल्याबद्दलचं ते होतं. ज्या नोंदीला दक्षताने चूक म्हटलं, ती नोंद त्यांचीच होती.

"मुलगी हुशार आहे, पण उतावीळ," ते म्हणाले. "तिने चूक कबूल करावी. खरी फाईल जुळते हे सगळ्यांनी पाहिलंच आहे. मी समितीला विनंती करेन, तिला दुसरा विषय देईन. याहून अधिक काय करू शकतो?"

"तिचा स्वतःचा नमुना तरी नीट वाचला गेला होता का, सर?"

"फारसा नाही. काही ठिकाणी मशीनला अक्षर ओळखता आलं नाही, की ते तिथे 'एन' लिहितं. माहीत नाही, या अर्थी. तिच्या वाचनात मधूनमधून असे एन पडले होते. मी तिला म्हटलंही होतं, पुन्हा वाचून घे म्हणून." त्यांनी दक्षताकडे वडीलकीने पाहिलं. "शुक्रवारच्या आत विचार कर, बाळ."

बाहेर आल्यावर दक्षता रडवेली झाली. "सर माझ्या भल्यासाठीच बोलतायत का, ताई? कबूल करून टाकू?"

"खबरदार," अक्षदा म्हणाली. "तिघांचं बोलणं ऐकलंस ना? काय वेगळं वाटलं ते सांग."

दक्षताने बराच विचार केला. रिक्षा पूल ओलांडून पुढे निघाली. मग म्हणाली, "चिराग म्हणाला, खरी फाईल. सर पण म्हणाले, खरी फाईल. सोमवारपासून सगळे तेच म्हणतायत. खरी आणि खोटी. एकटा जयेश म्हणाला, जुनी आणि नवीन."

अक्षदाला मनातून असा आनंद झाला, की तिने रिक्षावाल्याला उगाचच सावकाश चालवायला सांगितलं.

४

क्लासमध्ये खाली गिरणी घरघरत होती. दक्षताने आपला प्रोग्रॅम उघडला.

"आता तू फाईल कापायच्या आधी, डेटाबेस तुला नेमकं काय देतो, ते जसंच्या तसं पडद्यावर दाखव," अक्षदा म्हणाली. "चिरागची ओळ काढून टाक."

दक्षताने ओळ काढली, प्रोग्रॅम चालवला. या वेळी अक्षरांच्या वर माहितीची एक ओळ आली. तिच्यात नोंदीचा क्रमांक होता, मग टिंब, आणि टिंबापुढे दोन.

"दोन कशाचे?"

"विचार की. मला नको, डेटाबेसच्या मदतपानाला विचार."

दक्षताने ते पान शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली. अर्ध्यात तिचा आवाज चढला. टिंबापुढचा आकडा म्हणजे व्हर्जन. नोंदीतली अक्षरं कुणी दुरुस्त केली, की आकडा एकाने वाढतो. टिंबाशिवाय नुसता क्रमांक मागितला, तर सगळ्यात ताजं व्हर्जन येतं. जुनं पुसलं जात नाही. त्याचा आकडा देऊन मागितलं, की तेही मिळतं.

"पहिलं माग," अक्षदा म्हणाली.

टिंब, एक. फाईल आली. दक्षताने ती प्रबंधातल्या प्रतीशी ताडायला लावली आणि तळहात तोंडावर दाबून धरला. एका अक्षराचाही फरक नव्हता.

"मी खोटी नाही," ती पुटपुटली. मग खाली गिरणीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, मी खोटी नाही."

"नाहीसच. पण हुरळून जाऊ नकोस. यातून फक्त तुझ्यावरचा डाग जातो. दुसरं व्हर्जन आलं कुठून? ते बदलायचा हक्क कुणाला?"

"ज्याच्या खात्यावरून नोंद आली, त्यालाच. म्हणजे सरांना. चढवलं जयेशने." दक्षताचा चेहरा उतरला. "पण सरांना मी खरंच चूक दाखवली होती. त्यांना पटलं असेल, त्यांनी पुन्हा निवटी धरून आणली असेल, वाचली असेल, दुरुस्त केली असेल. मग गुन्हा कसला?"

हा प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की अक्षदाकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं, आणि तिला ते आवडलं.

"दुसरं व्हर्जन तुझ्या नमुन्याशी शंभर टक्के जुळतं, नाही का?"

"एकाच जातीचे दोन मासे जुळू शकतात, ताई. त्यात नवल नाही."

"मासे जुळतील. तुझा प्रोग्रॅम कसं ताडतो?"

"एकेक अक्षर समोरासमोर ठेवून."

"मग शंभर टक्के म्हणजे सगळीच अक्षरं जुळली. सगळी म्हणजे कुठली कुठली, ते एकदा डोळ्यांनी बघ."

दक्षताने दोन्ही वाचनं एकाखाली एक लावली आणि बोट फिरवायला सुरुवात केली. चार अक्षरांचीच ती माळ, पुन्हा पुन्हा तीच. मध्येच बोट थांबलं. पुढे गेलं, पुन्हा थांबलं. तिचा श्वास अक्षदाला ऐकू येत होता.

"एन," दक्षता म्हणाली. "माझ्या नमुन्यात मशीन जिथे अडखळलं, तिथेच याच्यातही एन आहे. इथे पण. इथे पण. वेगळा मासा, वेगळं वाचन असतं, तर मशीन त्याच त्याच जागी कसं अडखळेल?" तिने मान वर केली. "सरांनी कुठली निवटी धरली नाही, ताई. ही माझी निवटी आहे."

५

गुरुवारी अक्षदाने भाषण तयार केलं. आठल्यांना कुठे कोंडीत पकडायचं, समितीला काय सुनवायचं, सगळं. एखादी गोष्ट सिद्ध करून दाखवायची आणि समोरच्यांचे चेहरे बघायचे, यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळत नसे. शुक्रवारी केंद्राच्या पायऱ्या चढताना तिने घसा साफ करून घेतला.

"ताई," दक्षता म्हणाली, "मी विचारते."

"तुला जमेल? समोर तुझे सर असतील."

"म्हणूनच."

अक्षदाला थोडं लागलंच. पण ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तिने हाताची घडी घातली.

दक्षता उभी राहिली. 

"सोमवारी मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ते सांगते. मी क्रमांक देऊन निवटीची नोंद मागवली. प्रबंधाच्या वेळी आलेली फाईल यायला हवी होती. वेगळी आली. आता मी तीच नोंद दोनदा मागवते. एकदा पहिलं व्हर्जन, एकदा दुसरं. कापाकापी न करता."

पडद्यावर दोन्ही आली. पहिलं व्हर्जन प्रबंधातल्या प्रतीशी अक्षरन् अक्षर जुळलं. डॉ. बेडेकर चष्मा सावरत पुढे झुकल्या.

"म्हणजे ही फाईल तुम्ही बनवलेली नाही?"

"नाही, मॅडम. ती डेटाबेसमध्ये होती आणि आजही आहे."

"आणि दुसरं व्हर्जन?"

"ते मागच्या महिन्यात आलंय. सरांच्या खात्यावरून."

सगळे आठल्यांकडे वळले. ते शांत होते. "मी दुरुस्ती केली, हे खरं आहे," ते म्हणाले. "नोंद माझी होती. चूक लक्षात आल्यावर ती सुधारणं हे माझं कर्तव्यच होतं. त्यात गैर काय?"

समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. आता गेलं, असं अक्षदाला वाटलं. ती खुर्चीतून अर्धी उठलीही होती.

"काहीच गैर नाही, सर," दक्षता म्हणाली. "मला एवढंच विचारायचंय, की दुसऱ्या व्हर्जनसाठी तुम्ही कुठली निवटी वाचलीत?"

अक्षदा परत बसली. तिच्या भाषणात हा प्रश्न नव्हता. तिच्या भाषणात आरोप होते, आणि आरोपावर आठल्यांनी तासभर बोलून दाखवलं असतं. या प्रश्नाला मात्र एखादा मासा दाखवावा लागणार होता.

"केंद्रातलाच एक नमुना होता," ते शेवटी म्हणाले.

दक्षताने स्वतःचं वाचन पडद्यावर दुसऱ्या व्हर्जनच्या खाली लावलं आणि एन दाखवले. एकेक करून, घाई न करता. "मशीन कुठे अडखळेल हे माशाच्या जातीवर ठरत नाही. त्या एका वाचनावर ठरतं. दोन वेगळ्या वाचनांत ते सगळ्याच ठिकाणी तसंच्या तसं अडखळेल, असं कुणी पाहिलंय का?"

मग कोपऱ्यातून जयेश उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"ती फाईल मी चढवलेली, मॅडम. दक्षताच्या फोल्डरमधलीच होती. सर बोलले, चढव. मला वाटलेलं, हिला सांगितलं असेल. सोमवारी कळलं की नाही सांगितलं. मग मी घाबरलो."

डॉ. बेडेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठल्ये, तुम्हाला सोमवारी हे सगळं माहीत होतं. मुलगी आमच्यासमोर उभी होती आणि तुम्ही गप्प बसलात."

"जगभर माझ्या नोंदीवर कामं झाली आहेत," आठल्ये म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "ती चूक निघाली, हे एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून जगाला कळावं? मी गुपचूप दुरुस्त केली. तिच्या प्रबंधाला दुसरा विषय मिळाला असता. कुणाचं काही बिघडलं नसतं."

दक्षता त्यांच्याकडे वळली.

"सर, चुकलेलं पहिलं व्हर्जन तुमच्या नावावर आहे. बरोबर असलेलं दुसरंही तुमच्याच नावावर आहे. मग माझ्या नावावर फक्त लबाडी का?"

मागच्या खुर्चीवर अक्षदा गोठणकरची छाती भरून आली. आजवर तिने शेकडो प्रश्नांना उत्तरं दिली असतील. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःही कधी कुणाला विचारला नव्हता. पोरगी आपल्या पुढे गेली, हे तिला लख्ख कळलं. तिला ते कमालीचं गोड लागलं.

६

निर्णयाला वेळ लागला नाही. दक्षतावरचा ठपका पुसला गेला. आठल्ये तिचे मार्गदर्शक राहिले नाहीत, आणि त्यांच्या वागण्याची चौकशी लागली. एवढ्यावर उठतील त्या डॉ. बेडेकर कसल्या.

"नोंद दुरुस्त करायचा हक्क खातेदारालाच ना?" त्यांनी विचारलं. "मग आठल्ये, उठायच्या आधी तिसरं व्हर्जन पाठवा. इथे, आमच्यासमोर. मुली, तुझा नमुना पुन्हा नीट वाचून घेतलास का?"

"या आठवड्यातच घेतला, मॅडम. यात एकही एन नाही."

आठल्यांनी खातं उघडून दिलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. कीबोर्डवर जयेश बसला. त्याने अक्षरं भरली आणि मान न वळवता विचारलं, "अभ्यास कोणाचा?"

"दक्षता नाखवा."

"नमुना गोळा करणाऱ्याचं नाव आहे इथे. मागच्या दोन्ही वेळा रिकामं सोडलेलं. सोडू?"

"नको. जनाबाई नाखवा लिही. ओहोटीला चिखलात उतरून तिनेच धरली."

नवीन नोंद डेटाबेसमध्ये दिसायला थोडे दिवस गेले. ती दिसली त्या सकाळी दक्षता अक्षदाला घेऊन ठाण्याच्या मासळीबाजारात गेली. जनाबाईंनी कोयता बाजूला ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि लेकीचा फोन लांब धरून पाहिला. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. दक्षताने बोट ठेवून दाखवलं, हे माझं नाव, हे तुझं.

"आता हा कोनाला दिसंल?"

"जगात कुणालाही, आई. निवटी कोण, असं विचारलं की हेच येणार."

जनाबाईंनी शेजारणीला हाक मारली, तिच्या शेजारणीलाही मारली. फोन ओळीने सगळ्या पाट्यांवरून फिरून आला. कुणी अक्षदाच्या पिशवीत न विचारता मूठभर कोळंबी टाकली.

"आनि त्या मास्तरांचा?" फोन परत हातात आल्यावर जनाबाईंनी विचारलं. "पयला चुकलेला, दुसरा चोरलेला. तो पुसला का?"

"नाही, मावशी," अक्षदा म्हणाली. "तिथे काहीच पुसत नाहीत. एक, दोन, तीन, तिन्ही राहणार."

जनाबाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊं दे. माजे पोरीनं काय केला, तो त्याच्याशिवाय लोकांना कसा कलंल?"